मुठीतली परवानगी

चाकणला, वाळूजला किंवा अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात गेलात, तर वेल्डिंगच्या शेडमध्ये पिवळ्या जाळीची कुंपणं दिसतील. कुंपणात रोबोट. दाराला इंटरलॉक, म्हणजे दार उघडलं की रोबोट जागच्या जागी गप्प. बंदोबस्त चोख आहे, अडचण एवढीच की रोबोटला काम शिकवायला कुणाला तरी आत जावंच लागतं. वेल्डिंग टॉर्चचं टोक जॉबच्या सांध्यापासून दोन मिलिमीटरवर आहे की चार, हे जाळीबाहेर उभं राहून कळत नाही. मग एक पोरगा, बहुधा आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून आलेला, हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा किलोभर वजनाचा फलक, घेऊन आत शिरतो, वाकतो, एक डोळा मिटून सांधा न्याहाळतो. एवढा वेळ जाळी, दार आणि इंटरलॉक मिळून जे काम करत होते, ते आता त्याच्या डाव्या हाताची चार बोटं करतात.

मी बरीच वर्षं अशा पोरांना सुरक्षेचे धडे देतो. देतो म्हणजे बोलतो. ती ऐकतात असा माझा दावा नाही. जेवणानंतरचं सत्र असेल तर मीही स्वतःचं किती ऐकतो याची शंका आहे. पण एक वस्तू उलटी करून दाखवली की सगळा वर्ग जागा होतो. ती म्हणजे पेंडंट.

पेंडंटच्या पुढच्या अंगाला स्क्रीन, बटणांच्या रांगा आणि कोपऱ्यात लालभडक इमर्जन्सी. ऑडिटरना, पाहुण्यांना आणि मालकांच्या मेव्हण्यांना हीच बाजू दाखवायची पद्धत आहे. पाठीमागे, जिथे धरणाऱ्याची बोटं आपसूक येतात तिथे, एक लांबट पट्टी असते. कागदोपत्री हिचं नाव एनेबलिंग स्विच, शॉपवर ‘डेडमॅन’. सकाळी सकाळी ‘अरे, डेडमॅन दाब की!’ अशी हाळी ऐकून नवखा माणूस दचकतो. आठवडाभरात तोही तशीच हाळी देऊ लागतो.

ही पट्टी सैल सोडली तर रोबोटच्या मोटारींना वीज मिळत नाही. हलकेच दाबली की बोटांना एक बारीकशी टिक् जाणवते आणि वीज मिळते. इथवर नवल नाही. पण त्याहून जोरात आवळली की आणखी एक टिक्, आणि वीज पुन्हा बंद. पोरांना मी हे काही न सांगता करायला लावतो. पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येकजण आवळतो. रोबोट ढिम्म. मग तो माझ्याकडे बघतो, पेंडंटकडे बघतो आणि आणखी जोर लावतो. जोर लावला की काम होतं, ही लहानपणापासूनची शिकवण तिथे पहिल्यांदा फसते, आणि ते चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसतं की मागच्या बाकावरचेही हसतात. हसणाऱ्यांचा नंबर आला की तेही आवळतात.

तसं पाहिलं तर हा स्विच स्वतः काहीच हलवत नाही. रोबोट हलवायला दुसऱ्या हाताने वेगळं बटण दाबावं लागतं. हा नुसता होकार आहे, आणि तोही बोटं मधल्या जागी असतील तेवढ्यापुरताच. शिवाय माणूस आत असताना मोडची किल्ली हळू चालीवर फिरवलेली असते. तेव्हा रोबोटचं टोक सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकत नाही. म्हणजे ताशी ९०० मीटर. वर्गात बसून ऐकताना हा आकडा हास्यास्पद वाटतो. पाठीला फिक्श्चर टेकलेलं आणि समोरून रोबोटचा हात येतोय, अशा जागी उभं राहिल्यावर तो पुष्कळ वाटतो.

पूर्वी या स्विचला दोनच जागा असत. दाबला की चालू, सोडला की बंद. काही विपरीत घडलं तर माणूस पेंडंट टाकून देईल, निदान बोटं तरी सोडेल, असा त्यामागचा हिशोब. हिशोब तर्काला धरून होता, फक्त माणसाला धरून नव्हता. अचानक काही अंगावर आलं की काहीजण हातातलं टाकतात आणि काहीजण हातात जे असेल ते जिवाच्या आकांताने आवळतात. कोण काय करील हे आधी सांगता येत नाही. ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं. म्हणजे नेमका ज्या क्षणी रोबोट थांबायला हवा, त्या क्षणी घाबरलेली मूठ त्याला ‘चालू राहा, चालू राहा’ असं बजावत बसणार.

हे पटायला रोबोट लागत नाही. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर स्कूटी शिकणाऱ्यांकडे बघावं. निवृत्तीनंतर सुनेची स्कूटी शिकायला निघालेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. सून मागून धावते आहे, ‘बाबा, सोडा! बाबा, सोडा!’ म्हणून ओरडते आहे. बाबा सोडत नाहीत. समोर शाळेची भिंत. भिंत दिसली की बाबा घाबरतात, घाबरले की मूठ आवळतात, मूठ आवळली की मनगट मागे वळतं, मनगट वळलं की ॲक्सिलरेटर पिळला जातो, आणि गाडी दुप्पट उत्साहाने भिंतीकडे निघते. त्या दिवशी भिंतीअलीकडे वाळूचा ढीग होता म्हणून सगळं हसण्यावारी गेलं. नंतर चहा पिताना, बाबांनी काय करायला हवं होतं, हे जमलेल्या प्रत्येकाने बाबांना सांगितलं. ज्याने अशी मूठ बनवली की भीतीचं रूपांतर थेट वेगात व्हावं, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पेंडंटवरची तिसरी जागा म्हणजे या बाबांसाठी केलेली सोय. सोडा किंवा आवळा, दोन्हीकडून थांबणारच. गेल्या शतकाच्या अखेरीस जपानच्या आयडेकसारख्या कंपन्यांनी हा तीन जागांचा स्विच रुळवला, आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने त्याच्यासाठी ६०९४७-५-८ या क्रमांकाचं वेगळं मानकच काढलं. मानक वाचायला रुक्ष असतं यात वाद नाही. पण त्यात एक अट आहे, जी लिहिणाऱ्याला माणसाची चांगली पारख असणार असं मला नेहमी वाटतं. समजा, घाबरून मूठ आवळली, रोबोट थांबला. आता काय होईल? हुश्श म्हणत माणूस बोटं ढिली करणार. ढिली करताना बोटं तिसऱ्या जागेवरून पहिल्या जागेकडे येणार, आणि वाटेत मधली जागा लागणार, म्हणजे परवानगीची! तेवढ्यात रोबोटला पुन्हा वीज मिळाली तर, संकट टळलं असं वाटत असतानाच तो हलायचा. म्हणून अट अशी की परतीच्या वाटेवर मधल्या जागेतून जाताना संपर्क जुळता कामा नये. बोटं पूर्ण सुटली पाहिजेत, आणि मग नव्याने, शांतपणे, पुन्हा दाबली पाहिजेत. माणूस घाबरेल याचा विचार पुष्कळजण करतील. घाबरून झाल्यावर तो सुस्कारा टाकेल याचा विचार कुणीतरी केला, आणि तो स्प्रिंग नि पत्र्याच्या चिमुकल्या तुकड्यांत बसवला, याला मी दाद देतो.

(आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या माइकला असा स्विच बसवावा, अशी सूचना मी करून पाहिली. साधारण धरला की आवाज येईल. त्वेषाने आवळला की बंद. सूचना इतिवृत्तात घेतली गेली नाही. सचिव त्या वेळी माइक आवळून उभे होते.)

‘डेडमॅन’ हे नाव मात्र रोबोटवाल्यांचं नव्हे, ते आगगाडीकडून आलं. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरबरोबर फायरमन असे. एकाला भोवळ आली तर दुसरा होता. विजेच्या गाडीत कोळसा ओढायचा नसल्याने पुढच्या केबिनमध्ये माणूस एकटा उरला, आणि त्याला काही झालं तर, हा प्रश्न उभा राहिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. तिच्या आजच्या वारसदार लोकलमध्ये मोटरमनला हँडल तळहाताखाली सतत दाबून धरावं लागतं. हात उठला की ब्रेक. चर्चगेट ते विरार आपण ज्या माणसाच्या भरवशावर डुलक्या घेतो, त्याच्या तळव्याला तेवढी मोकळीक नसते. आपल्याला हे माहीत नसतं ते एका परीने बरंच आहे. माहीत असतं तर डुलकी लागली नसती.

पण हातापायाच्या दाबावर भरवसा ठेवायचा म्हणजे दाब कोण देतंय हेही कळायला हवं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला वॉटरफॉल नावाचं ठिकाण आहे. ३१ जानेवारी २००३ रोजी तिथे चालकाला गाडी चालवता चालवता हृदयविकाराचा झटका आला. त्याच्या पायाखाली डेडमॅनचं पेडल होतं. तो कोसळला, तरी निर्जीव पायाच्या भाराने पेडल दाबलेलंच राहिलं. गाडी वेगात वळणावर गेली, रुळांवरून उतरली आणि चालकासह सातजण गेले. मेलेल्या माणसासाठी योजलेली युक्ती मेलेल्या माणसाच्याच वजनाने निकामी केली. हा प्रसंग वर्गात सांगितला की कुणी हसत नाही, आणि मग पेंडंटवरची ती पट्टी बोटांना सतत थोडं काम का करायला लावते, हे वेगळं समजावावं लागत नाही.

बोटांना काम करावं लागतं, आणि बोटं दुखतात. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा सगळा उपद्व्याप तिथून सुरू होतो. तास-दीड तास टीचिंग करून बघा. मधली जागा धरून ठेवायला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. आणि लक्ष दुखायला लागलं की ते करंगळीत दुखतं. कुका या जर्मन कंपनीने आपल्या पेंडंटच्या पाठीवर असे तीन स्विच दिले आहेत, म्हणजे हात बदलता यावा, डावखुऱ्याचीही सोय व्हावी. सगळीकडे एवढा विचार नसतो. मग आपला माणूस आपली सोय करतो. सोय म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, काळी टेप किंवा केबल टाय. पट्टी बांधून टाकली की दोन्ही हात मोकळे.

दोन जागांच्या जुन्या स्विचला हे सोपं होतं. आवळून बांधला की झालं. तीन जागांच्या स्विचने इथेही घोळ करून ठेवला. घट्ट बांधला तर बंद, सैल बांधला तर बंद. नेमका मधोमध बांधला पाहिजे. पण हात टेकेल तो मिस्त्री कसला? एका कारखान्यात (नाव सांगत नाही, कारखाना चांगला आहे) पेंडंटच्या पाठीवर ट्यूबचा पट्टा ताणून बसवलेला दिसला, आणि पट्टा नि स्विच यांच्यामध्ये घडी घातलेलं बसचं तिकीट सारलेलं. मी विचारलं, “मिस्त्री, हे तिकीट कशाला?” मिस्त्री माझ्यापेक्षा वयाने मोठे, पस्तीस वर्षांचा अनुभव असलेले, अतिशय सभ्य. म्हणाले, “सर, तिकिटाशिवाय ट्रिप होतो.”

या उत्तरावर काय बोलावं हे मला बराच वेळ सुचलं नाही. तिकिटाची जाडी, घड्यांची संख्या, रबराचा ताण, सगळं त्यांनी हाताच्या अंदाजाने जमवलं होतं. दोन टिक्‌मधली ती इवलीशी जागा त्यांनी जितकी अचूक ओळखली होती, तितकी मी माझ्या स्लाइडवरही दाखवू शकलो नसतो. कारागिरी बावनकशी, आणि तिचा उपयोग स्वतःच्या बरगड्यांसमोरचं एकुलतं एक कुंपण काढून टाकायला. मी ते तिकीट मागून घेतलं. त्यांनी दिलं. दुसरं खिशात होतं हे मला नंतर कळलं.

मानकं लिहिणाऱ्यांना असे मिस्त्री जगभर भेटलेले असणार. पॉवर प्रेसवर दोन हातांनी दोन बटणं दाबायची असतात, म्हणजे प्रेस खाली येताना एकही हात डायमध्ये राहू नये. त्याच्या मानकात बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत, जोडीने दाबली गेली पाहिजेत असं लिहिलंय, म्हणजे एक बटण कायमचं पाचर मारून ठेवता येऊ नये. पुढे लिहिलंय की एकाच पंजाने दोन्ही दाबता येऊ नयेत म्हणून दोन बटणांत किमान २६० मिलिमीटर अंतर हवं. आणि पंजा नि कोपर मिळून दाबता येऊ नयेत म्हणून ५५० मिलिमीटर. याशिवाय गुडघा आणि कंबर यांचाही विचार केलेला आहे. गंभीर चेहऱ्याची, टाय लावलेली माणसं एका लांब टेबलाभोवती बसून, माणूस कमरेने बटण कसं दाबेल याचं प्रात्यक्षिक करताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. बैठकीचं इतिवृत्त वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

आता बिनतारी पेंडंट आले. वायर नाही म्हणून सगळे खूश, अडखळून पडायची भीती गेली. हा पेंडंट यंत्राला दर क्षणाला ‘मी आहे, मी आहे’ असा संदेश पाठवत असतो. संदेश तुटला की यंत्र थांबतं. पण एक नवाच पेच आला. लाल बटण दाबलं की यंत्र थांबतं, हे आपण पोरांच्या हाडीमांसी भिनवलं आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल गड्डा, दाबला की दाबलेला राहतो, सोडवला तरी यंत्र आपण होऊन सुरू होत नाही. उत्तम. पण चार्जिंगला लावलेला, कुठल्याच यंत्राशी न जोडलेला पेंडंट टेबलावर पडला असेल तर? त्यालाही तोच लाल गड्डा आहे. मदतीला धावलेला माणूस जवळचा म्हणून तो दाबेल, दाबत राहील, आणि पलीकडे यंत्र चालूच. म्हणून आपत्कालीन थांब्याच्या मानकात २०१५ पासून असं आहे की जागं बटण आणि झोपलेलं बटण यांत गोंधळ होऊ नये. काहींनी तर बटणच आतून उजळणारं केलं: जोडलेलं असलं की लाल, नसलं की राखाडी. लाल रंगाला काम नसताना लाल दिसायची बंदी घातली, हे मला आवडलं. असा नियम आणखी काही ठिकाणी चालेल, पण ती नावं इथे नकोत.

दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन असतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या दिवशी स्थापन झाली. पुढे आठवडाभर कारखान्यांत फलक, शपथ, छातीवर बिल्ले, निबंध आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा. मी परीक्षक असतो. ‘सुरक्षा’ला ‘परीक्षा’ आणि ‘रक्षा’ ही दोनच यमकं आहेत, त्यामुळे निकाल लवकर लागतो. सगळी घोषवाक्यं कामगाराला सांगतात की बाबा रे, सावध राहा, लक्ष ठेव, घाई करू नकोस. सांगायला हरकत नाही. पण तीन जागांचा स्विच ज्याने काढला त्याने असलं काही सांगितलं नाही. हा माणूस दमणार, बिचकणार, घाबरणार, घाबरून भलतंच करणार, हे त्याने गृहीत धरलं आणि त्याबद्दल मनात कसलाही राग न ठेवता कामाला लागला. अपघातानंतर भरायच्या फॉर्ममध्ये ‘कारण’ या रकान्यापुढे ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहायला आपल्याला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात निम्मे प्रश्न पुसले जातात: बोटं किती वेळ दाबून होती, दुसऱ्या हाताची सोय होती का, शिफ्ट कितवी, टार्गेट कुणी दिलं होतं, आणि बांधलेला स्विच रोज दिसत असताना सुपरवायझर कुठे बघत होते.

माणूस घाबरतो, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. निवृत्त होताना त्यांनी आपल्या हाताखालच्या पोराला पेंडंट सोपवला, तेव्हा पट्टा काढलेला होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, “पोरगं नवीन आहे सर, घाबरतंय अजून.” स्वतःच्या भीतीवर त्यांचा भरवसा नव्हता असं नाही, पस्तीस वर्षांत ती कधी भेटलीच नव्हती, एवढंच.

तुमच्या घरातलं कुणी शॉपवर कामाला असेल, तर आज जेवताना त्याला एकच विचारा: तुझ्या पेंडंटला मागून काही बांधलंय का? ‘छे छे’ म्हणाला तर ठीक. वाटीत आमटी वाढून घेत विषय बदलला, तर समजा की बांधलंय. उद्या डब्याबरोबर त्याला नेलकटर द्या. केबल टाय त्यानेही तुटतो.